करडाला चालणारा वेल

आमच्या घरात सगळ्यात जास्त मान बैठकीतल्या मनीप्लांटला आहे. त्याच्याखाली बसून भांडायचं नाही. त्याच्याकडे पाय करून झोपायचं नाही. केर काढताना झाडू लागला तर हात जोडायचे. माझे सासरे गावाकडून उन्हातान्हाचे येतात तेव्हा त्यांना पाण्याचा तांब्या मिळायला वेळ लागतो, पण वेलाचं शुक्रवारचं दूध-पाणी कधी चुकत नाही.

हा वेल सासूबाईंनी हिंगोलीच्या एका गुत्तेदाराच्या, म्हणजे कंत्राटदाराच्या, वास्तुशांतीतून चोरून आणला. सासूबाईंचं नाव सिंधूबाई, मी त्यांना आत्या म्हणते. चोरून आणला हे मी वाईट अर्थानं सांगत नाही. मनीप्लांट विकत घेतला तर लाभत नाही, मागून घेतला तर फळत नाही, तो चोरावाच लागतो, हे आमच्या सेनगावात पाळण्यातल्या लेकरालाही माहीत आहे. पंगत उठली तशी आत्यांनी एक फांदी मोडली, पदराआड धरली आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. त्यानंतर ह्यांचं कृषी सेवा केंद्र निघालं, प्लॉट घेतला, घर झालं, बोअरला पाणी लागलं आणि मग मी सून म्हणून आले. आत्या याच क्रमानं सांगतात. गुत्तेदाराचं पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही.

वेल वर चढला पाहिजे, हा दुसरा नियम. वेल खाली लोंबला की घर खाली येतं. म्हणून आमच्या बैठकीच्या भिंतींना रंगापेक्षा खिळे जास्त. खिळ्या-खिळ्याला सुतळी बांधून वेल देवाच्या फोटोवरून, ट्यूबलाइटवरून, टीव्हीच्या डोक्यावरून पार छताला नेलेला.

आणि आमच्या वेलाचीही चोरी होते. तिची रीत आहे. गल्लीतली एखादी बाई येते, बसते, वेलाकडे न बघता बघते. आत्या म्हणतात, "बसा, च्या टाकते," आणि आत जातात. आत भांडी जरा जास्तच वाजवतात, म्हणजे बाहेरच्या बाईला निवांत फांदी मोडता यावी. चहा येतो तेव्हा पाहुणीच्या पिशवीतून एखादं हिरवं पान बाहेर डोकावत असलं तरी ते कुणालाच दिसत नाही. ती गेली की आत्या वेल निरखतात आणि समाधानानं म्हणतात, "नेली." ज्या आठवड्यात कुणीच काही नेत नाही, त्या आठवड्यात त्यांची तब्येत बरी नसते.

अशा घरात उन्हाळ्याच्या तोंडाला करडू आलं.

सासरे, मुंजाजीमामा, गावाकडं शेळ्या सांभाळतात. आत्यांचं माहेरही शेळ्या-मेंढ्यांवालंच, पण कॉलनीत राहायला आल्यापासून आत्या ते बोलत नाहीत. तर मामा एक दिवस उपरण्यात काहीतरी गुंडाळून आले. उपरण्याला कान होते.

"शेळीला तीन झाली, आचळ दोन," मामा म्हणाले. "दोन दांडगी पितात अन् ह्याला ढकलून देतात. चार दिवस बाटलीनं पाज, पुनम. अंगात जीव भरला की नेतो."

अंगात जीव भरला. ते उभं राहिलं, पळायला लागलं, दिवाणावर चढायला लागलं. पण मामांना न्यायची सवड झाली नाही आणि मी आठवण केली नाही, कारण मधल्या काळात माझी लेक दूध प्यायला लागली होती.

ईशी तेव्हा नुकती चालत होती. खाण्यापिण्याशी तिचं जन्माचं वैर. दुधाची वाटी दिसली की ओठ असे मिटायची की चमचा सोडा, हवा आत जाणार नाही. काऊ-चिऊ बोलावून झाले, मोबाईल लावून झाला, आत्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. डॉक्टर दर वेळी वजनाच्या काट्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे, जणू ते वजन मीच खाऊन टाकलंय. आणि हे करडू आलं. ते बाटली ओढायला लागलं की त्याची शेपटी अशी थरथरायची की ईशी त्याच्यासमोर बसून बघत राहायची, आणि बघता बघता तिचं तोंड उघडायचं. मी तेवढ्यात चमचा घालायची. त्याचा एक घोट, हिचा एक घोट. दुधाची मिशी दोघांना. ती त्याला 'बे' म्हणायला लागली. तो तिचा पहिला शब्द. 'आई' नंतर आला. मी काही रुसले नाही, आई कुठं पळून जाणार होती.

मग ती दुपार आली. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि खालून ईशीचं रडू आलं. भुकेचं रडू, झोपेचं रडू, हट्टाचं रडू, सगळी मला पाठ आहेत. हे त्यातलं नव्हतं. मी धावत आले. वेलाची एक फांदी सुतळीतून निसटून दिवाणाच्या मागं खाली आली होती. ईशीच्या मुठीत चावलेलं पान. ओठ सुजलेले, लाळेची धार लागलेली, बोटं तोंडात. शेजारी बे मान खाली घालून जीभ सतरंजीला घासत होता, त्याच्याही तोंडाला फेस.

डॉक्टरांनी बॅटरी लावून तोंड बघितलं. "मनीप्लांट ना? त्याच्या पानात सुयांसारखे बारीक खडे असतात, ते टोचतात. गिळलं नाही हे बरं झालं. तोंड धुवा, थंड दूध द्या, संध्याकाळपर्यंत उतरेल. आणि तो वेल घराबाहेर काढा."

रिक्षात बसल्यावर आत्या म्हणाल्या, "शिकलेला हाय, पण घरी मनीप्लांट न्हाई त्याच्या. म्हणून तर अजून भाड्याच्या दवाखान्यात बसून राहिलाय."

संध्याकाळी घरात पंचायत बसली. ह्यांनी, म्हणजे विश्वंभररावांनी, सुरुवात केली. दिवसभर फवारणीच्या विषारी औषधाचे लाल खुणेचे डबे विकणारा माणूस, घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय लेकीला उचलत नाही. ते हळूच म्हणाले, "आई, वेल जरा ओट्यावर ठेवला तर?"

"ठेव की. दुकान बी ओट्यावर ठेव मग."

ह्यांनी पुढचा घास घेतला तो बराच वेळ चावला.

"मला एक सांगा," आत्या म्हणाल्या, "लेकरू पाला खायला शिकलं कुणाचं पाहून? माझं? तुझं? आपण पाला खातो का ह्या घरात?"

आम्ही कुणीही पाला खात नव्हतो. सगळ्यांच्या नजरा बेकडे गेल्या. तो ह्यांच्या चपलेचा पट्टा चघळत होता, म्हणजे स्वतःच्या बाजूनं काही मदत करत नव्हता.

"करडू गावाकडं धाडा," आत्यांनी निकाल दिला.

"तिथं बाटली कोण पाजणार, आत्या? मामा दिवसभर रानात असतात. आणि ईशीचं दूध?"

"पिईल न्हाईतर काय करंल? लेकरं आपोआप पितात."

ईशी काय आपोआप करते ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "एवढी एक वेळ राहू द्या. मामा पुढच्या खेपेला येतील तोवर. त्यानं परत वेलाला तोंड लावलं तर मी स्वतः त्याला जीपमध्ये बसवते."

"बराबर हाय. ध्यानात ठेव. परत तोंड लावलं की गेलं. ह्या घरात वेल ऱ्हाईल न्हाईतर करडू."

नवल म्हणजे त्या दिवसापासून बे वेलाकडे फिरकेना. दिवाणाला लांबून वळसा घालून जायचा. मला वाटलं, आत्यांचा आवाज त्याला कळला. ईशीला मात्र काहीच कळलं नव्हतं. सूज उतरली तशी ती पुन्हा दिवाणावर चढून वेलाकडे हात करायला लागली. मी फांदी वर बांधली की ती उशी ओढून तिच्यावर उभी राहायची. सुनेनं वेल काढायचा नाही आणि लेकीनं वेल सोडायचा नाही, अशी दोन्हीकडून माझी कोंडी झाली होती.

मग मला प्रतिक्षा आठवली. शाळेतली माझी मैत्रीण, कनेरगाव नाक्याजवळ रस्त्याला लागून तिची नर्सरी आहे. ईशीचा डोस आहे असं सांगून मी हिंगोलीला गेले, डोस खरंच दिला, आणि जीप बदलून पुढं नाक्यावर उतरले.

"विष नको," मी तिला म्हटलं, "पण दिसायला मनीप्लांट पाहिजे."

"कुणाला फसवायचंय?"

"सासूला."

"मग साधंसुधं चालायचं न्हाई." तिनं आतल्या शेडमधून एक टांगती कुंडी काढून आणली. बदामाच्या आकाराची पानं, कडेला पिवळट झाक, देठ लाल आणि वेल कुंडीच्या काठावरून खाली ओघळलेला. "पेपेरोमिया. लांबून बघ, मनीप्लांटच वाटंल. कुत्र्यानं खाल्लं, मांजरानं खाल्लं, काही होत न्हाई. शहरातले लोक मुद्दाम मागून नेतात."

"करडानं खाल्लं तर?"

"करडाचं कुठं लिहिलेलं न्हाई बाई. असली माहिती लिहिणाऱ्यांच्या बैठकीत करडू नसतं. पण विष न्हाई हे नक्की. एखादं पान लेकरानं चावलं तरी घाबरू नको. भाजी मात्र करू नको."

मग तिनं मला सांभाळायचं सांगितलं, लेक सासरी धाडताना सांगतात तसं. पान जाड आहे, पाणी ते स्वतःच्या पोटात धरून ठेवतं. माती बोटानं दाबून बघायची, कोरडी लागली तरच पाणी. बुडवून ठेवलं तर देठापासून सडतं. उजेड भरपूर, पण ऊन थेट नको. माती हलकी, नारळाचा भुसा मिसळलेली. "अन् हे लोंबणारं हाय. ओढून भिंतीला बांधू नको, रुसतं. टांग अन् सोडून दे."

"आमच्यात वेल खाली आला की घर खाली येतं."

"मग घराला म्हणावं, धरून बस."

"जगेल ना पण?"

प्रतिक्षानं कुंडीतलं एक सुकलेलं पान खुडलं. "मनीप्लांट काहून मरत न्हाई माहीत हाय का? अंगात विष हाय. कुणी खात न्हाई, म्हणून भिंत धरून वर्षानुवर्षं बसतो. ह्याच्यात तसलं काही न्हाई. जो येईल तो चावून बघंल. जपावं लागतंय."

"म्हणजे सुनेसारखं," मी म्हटलं.

ती हसली नाही. तिचंही लग्न झालेलं आहे.

आत्या बचत गटाच्या बैठकीला गेल्या त्या दिवशी मी अख्खा मनीप्लांट उतरवला, युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरला आणि ओळखीच्या जीपवाल्याकडे दिला, नाक्यावर नर्सरीत टाक म्हणून. खिडकीला पेपेरोमिया टांगला. बैठक एकदम एवढी मोठी वाटायला लागली की मलाच भीती वाटली.

आत्या आल्या. चपला काढल्या. मान वर केली आणि तशाच राहिल्या.

"वेल कुठं गेला?"

"छाटला, आत्या."

"काहून?"

"मोबाईलवर एक वास्तूचे महाराज सांगत होते. जुना वेल फार पसरला की लक्ष्मी त्याच्यात अडकून बसते. मुळाजवळचं कोवळं तेवढं ठेवायचं, पूर्वेच्या खिडकीत उंचावर टांगायचं आणि खाली सोडायचं. म्हणजे लक्ष्मी वरून घरात उतरते."

"खाली?"

"खालीच की. वर चढवली तर छतातून निघून जाईल."

आत्यांनी छताकडे बघितलं. तिथं नुसते खिळे होते. माझं मलाच इतकं पटलं होतं की मी आणखी दोन वाक्यं बोलणार होते.

"कोणते महाराज?"

"दाढीवाले."

"दाढीवाले तर सगळेच असतात," असं पुटपुटत त्या आत गेल्या. मी खाली बसले. दारावर पाटी आणि भिंतीवर पदवी लावलेल्या डॉक्टरचं ज्यांनी ऐकलं नाही, त्यांनी मी उभ्या उभ्या तयार केलेल्या महाराजांचं ऐकलं होतं.

पण वेल फसवून आणणं सोपं, जगवणं अवघड. पहिल्या शुक्रवारी आत्यांनी त्याला तांब्याभर दूध-पाणी घातलं. शनिवारी तांदळाचं धुवण. रविवारी, आदल्या दिवशी कमी पडलं असंल म्हणून, पुन्हा पाणी. पानं मलूल झाली, एक देठ बोटाला मऊ लागला. माणूस प्रेमानं मरू शकतो हे मी ऐकलं होतं, झाड मरताना बघत होते. मी मऊ देठ कापला, माती बदलली, आणि पुढच्या शुक्रवारी आत्या तांब्या घेऊन आल्या तशी आडवी गेले.

"आत्या, आज त्याचा उपास आहे."

"कुणाचा?"

"वेलाचा. छाटणीनंतर धरावा लागतो. महाराजांनी सांगितलंय. माती पार कोरडी होईपर्यंत निर्जळी."

आत्या स्वतः आठवड्यात दोन उपास करतात. दुसऱ्याचा उपास त्या कधी मोडत नाहीत. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि वेलाकडे पहिल्यांदाच बरोबरीच्या नात्यानं बघितलं.

वेल सुधारला. नवी पानं आली, टोकं खिडकीच्या खाली उतरायला लागली. ईशी दिवाणावरून हात पुरवून एखादं पान ओढायची, चावायची, तोंड वाकडं करून टाकून द्यायची, आणि माझ्या काळजात काही हलायचं नाही. त्या एका गोष्टीसाठी मी आणखी दहा महाराज तयार केले असते.

फक्त एक गोष्ट मी धरली नव्हती. एके दिवशी स्वयंपाकघरातून आले तर बे मागच्या पायांवर दिवाणावर उभा, पुढचे पाय खिडकीच्या चौकटीला, आणि वेलाचं कोवळं टोक डोळे मिटून खात होता. ज्या वेलाला तो वळसा घालायचा, त्याच जागी. मी त्याला ओढून काखेत धरलं आणि मागं बघितलं. आत्या सुपात तूर निवडत बसल्या होत्या, मान खाली. वाचलो, असं मी मनात म्हटलं.

मग रोज तेच. वेल वाढायचा खाली, करडू वाढायचं वर, आणि दोघांच्या मधे मी कात्री घेऊन. लोंबणारं झाड लोंबू द्यायचं नाही आणि उड्या मारणारं करडू उडी मारू द्यायचं नाही. आत्यांची अट मला पाठ होती. तोंड लावलं की गेलं.

इकडे वेलाची कीर्ती मात्र वाढत होती. ह्यांना एका बियाणे कंपनीची एजन्सी मिळाली. ह्यांनी त्यासाठी दोन वर्षं चकरा मारल्या होत्या, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ईशीचं वजन वाढलं. बे तिच्यासमोर बसून दूध पितो म्हणून वाढलं, पण श्रेय छाटणीला गेलं. आत्यांनी गल्लीत सांगितलं, आणि बघता बघता गल्लीतले सगळे मनीप्लांट छतावरून उतरून खिडकीत आले. बायका मला महाराजांचं नाव विचारायला लागल्या. शेजारच्या संध्याताई तर म्हणाल्या, "नाव मला माहीत हाय. त्यो व्हिडिओ मी सोता बघितलाय. लई तेज हाय त्यांच्या तोंडावर." चोऱ्याही जोरात सुरू होत्या. आमच्याकडे दिवसाला दोनदा भांडी वाजायची.

मामा आले ते नेमके बचत गटाची बैठक आमच्या घरी होती त्या दिवशी. जीप दारात उभी. बायका सतरंजीवर बसलेल्या. मामा दाराशी टेकले आणि म्हणाले, "मग? न्यायचं का करडू? जीपवाला थांबत न्हाई."

"थांबतोय तो. बसा," आत्या म्हणाल्या.

तेवढ्यात संध्याताईंनी मोबाईल पुढं केला. "काकू, राग मानू नका. पण म्या ह्या पानाचा फोटो मोबाईलला दाखवला. पान दाखवलं की झाडाचं नाव सांगतंय ते. ते म्हणतंय, हा मनीप्लांटच न्हाई."

मी चहाचा ट्रे उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

आत्यांनी मोबाईलकडे बघितलंच नाही. "तुझ्याकडं आमचं पान कुठनं आलं, संध्या?"

संध्याताई अडकल्या. चोरी कबूल केली की फळ गेलं, हे त्यांनाही माहीत. "आलं... म्हंजी... वाऱ्यानं आलं असंल."

"वारा लई हाय बाई तुमच्या बाजूला."

कुणीतरी खुदकन हसलं. पण संध्याताई सोडणाऱ्यातल्या नाहीत. "ते असू द्या. पण पान जाड हाय, देठ लाल हाय. मनीप्लांटचा लाल असतो व्हय?"

"अरे, ते बघा," मामा म्हणाले.

सगळ्यांनी बघितलं. बायका आल्यापासून कात्री घ्यायला मला वेळ झाला नव्हता. ईशी दिवाणावर उभी होती. तिनं वेलाचं टोक दोन्ही हातांनी खाली ओढलं, एक पान तोडून बेच्या तोंडात दिलं, दुसरं स्वतःच्या तोंडात घातलं, आणि दोघं एकमेकांकडे बघत चावायला लागले.

मी उठले, पण आत्या माझ्याआधी पोचल्या होत्या. एवढ्या चपळ मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. ईशीला कडेवर घेतलं, तोंडात बोट घालून पान काढलं, ओठ बघितले, जीभ बघितली. ईशीनं त्यांचं बोट चावलं आणि हसली. ओठ होते तसेच होते. बे खाली उभा राहून आणखी एका पानाची वाट बघत होता.

सगळ्या बायका आत्यांकडे बघत होत्या. मामा करडाकडे बघत होते. मी कुणाकडेच बघत नव्हते.

आत्यांनी हात वर केला, वेलाचं एक चांगलं मोठं पान तोडलं, पदराला पुसलं आणि तोंडात घातलं. शांतपणे चावलं. गिळलं.

"तुरट हाय," त्या म्हणाल्या. "पण लागत न्हाई कुठं."

"काकू, अहो विष असतंय मनीप्लांटला," संध्याताईंचा आवाज चिरकला.

"असतंय. लोकांच्या. आमचा उपास करतो." आत्या दिवाणावर टेकल्या. "इतकी वर्षं दूध घातलं, वर निर्जळी धरायला लावली. विष ऱ्हाईल व्हय त्याच्यात? देठ लाल झालाय तो तेजानं."

"पण मोबाईल म्हणतंय..."

"मोबाईलनं खाल्लं का पान?"

"न्हाई."

"म्या खाल्लं. अन् तू तर सोता व्हिडिओ बघितलास ना महाराजांचा? त्यात सांगितलं न्हाई त्यांनी, विष उतरतंय म्हणून?"

संध्याताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वेलाकडे, एकदा भोवतालच्या बायकांकडे. "सांगितलं की," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी सांगितलं. माझ्या ध्यानातून गेलं."

मग जे झालं ते मी थांबवू शकले नाही. एकीनं पान मागितलं. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी पान मागून घेतलं. मग दुसरीनं. कपाळाला लावून, डोळे मिटून, एकेक पान सगळ्यांनी खाल्लं. चहा बाजूलाच राहिला. महिना-दीड महिना कात्री, उपास आणि खोटं बोलून जगवलेला वेल माझ्या डोळ्यांदेखत नुसत्या लाल काड्यांचा झाला. प्रतिक्षा म्हणाली होती जो येईल तो चावून बघेल, पण ती करडाबद्दल बोलत होती.

"घरी जाऊन आपापला खाऊ नका," आत्यांनी बजावलं. "तुमच्यांनी उपास केलेला न्हाई. तोंडं सुजतील."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मामा उठले. "मग करडाचं काय? वेलाला तोंड लावलं की न्यायचं, असं ठरलं होतं म्हणं तुमचं."

मी बेला उचललं. तो माझ्या खांद्याला हुंगत होता आणि ईशी आत्यांच्या कडेवरून त्याच्याकडे दोन्ही हात पसरून 'बे, बे' करत होती. ठरलं होतं हे खरं होतं. मीच ठरवलं होतं.

"कुठं नेता त्याला?" आत्या मामांवरच उखडल्या. "विष उतरलं का न्हाई हे पारखायला कुणी पाहिजे का न्हाई घरात? का मीच खात बसू रोज? ऱ्हाऊ द्या. तुमी जावा, जीपवाल्याला तकलीफ देऊ नका."

मामा उंबऱ्याबाहेर जाईपर्यंत गंभीर राहिले. मग ओट्यावरून त्यांचा खोकला ऐकू आला. खोकताना माणूस इतका वेळ हसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी संध्याताईंची पोरगी वाटी घेऊन आली. "मम्मीनं थंड दूध मागितलंय. तिला बोलता येऊन न्हाई राहिलं." आत्यांनी फ्रिजमधलं दूध वाटीभर दिलं, वर साखर घातली, आणि काहीही विचारलं नाही.

पोरगी गेल्यावर त्या सूप घेऊन बसल्या. मी समोर बसून ईशीला दूध पाजत होते. बे बाटली ओढत होता. त्याचा एक घोट, हिचा एक घोट.

"करडाचं तोंड एकदा भाजलं ना," आत्या तूर निवडत म्हणाल्या, "की त्या पाल्याला ते जल्मात परत तोंड लावत न्हाई. म्या शेळ्यांमागं वाढलेली हाय, पोरी. त्यानं खिडकीतलं पान खाल्लं त्या दिवशीच कळलं मला."

माझा चमचा हवेतच राहिला. ईशीनं तोंड उघडून वाट बघितली, मग स्वतःच पुढं होऊन चमचा धरला.

"मग तुम्ही बोलला का नाही, आत्या?"

"काय बोलू? करडू धाडा म्हणून मीच बोलून बसले होते." त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर भिरकावला. "म्हटलं, पुनमचं काय चाललंय ते चालू दे. लेकरू दूध पिऊन राहिलंय ना."

मी चमचा पुन्हा भरला. बोलले असते तर रडले असते, आणि ईशी मला रडताना बघून दूध सोडते.

आत्या सूप पाखडत राहिल्या. मान वर न करता म्हणाल्या, "जिथनं आणलंस तिथनं आणखी एक आण. अन् ह्या वेळी जरा मोठं बघ. गेल्या खेपेला एवढंसं आणलंस, म्हणून त्या दाढीवाल्याला मधे आणावं लागलं."